स्टोव्ह की शिलाई मशीन?

पुण्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुणाशीही पावसाळ्यात गप्पा मारायला बसा. खडकवासल्यातून पाणी सोडल्याचा विषय निघाला की पाठोपाठ पानशेत आलंच. १२ जुलै १९६१. बांधकाम पुरतं न झालेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं धरणही फोडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. मग आपण तेव्हा कुठे होतो, बातमी कोणी आणली, सगळं साग्रसंगीत ऐकायला मिळतं. काल कुठली भाजी केली होती ते न आठवणारी माणसं हे सांगत असतात, बरं का!

मानसशास्त्रात या आठवणींना ‘फ्लॅशबल्ब’ आठवणी म्हणतात. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी १९७७ साली हे नाव दिलं. केनेडींच्या हत्येची बातमी कळली तो क्षण लोकांना बारकाव्यांसकट आठवत होता, जणू फ्लॅश उडाला आणि फोटो निघाला.

आमच्या घरात या फोटोच्या दोन प्रती आहेत आणि त्या जुळत नाहीत. शनिवार पेठेतला वाडा सोडून सगळे पर्वतीकडे पळाले, तेव्हा आजीच्या हातात पितळी स्टोव्ह होता, असं मावशी सांगते. त्यातलं रॉकेल आजीच्या लुगड्यावर सांडलं, तो वास तिला अजून येतो. मामा म्हणतो, ‘‘ताई, स्टोव्ह कसला! शिलाई मशीन होतं ते. एका बाजूने मी धरलं होतं.’’

‘‘अरे, तू कडेवर होतास!’’

दोघंही देवाची शपथ घेऊन सांगतील, आणि मला खात्री आहे की खोटं कुणीच बोलत नाही.

उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी अशा आठवणींची परीक्षाच घेतली. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अटलांटातल्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कशी कळली, ते लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी पुन्हा तेच विचारलं, तर कितीतरी जणांच्या गोष्टीतली जागा बदललेली, बातमी सांगणारा बदललेला. खात्री मात्र भक्कम. स्वतःच्या अक्षरातला कागद पुढे ठेवला तरी काहीजण आताचीच आठवण खरी म्हणत राहिले. (यातले दोघं-चौघं मूळचे पुण्याचे असावेत, असा मला दाट संशय आहे.)

भीती वाटली की अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात. मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला शेजारच्या, आठवणी साठवायला मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला बजावतो, हे नीट जपून ठेव. म्हणून ठसा खोल उमटतो. पण आठवण काढताना मेंदू ती दरवेळी नव्याने जुळवतो. साठ वर्षं सांगता-ऐकताना शेजारच्या वाड्यातला स्टोव्ह आपल्या आजीच्या हातात येऊ शकतो. मशीनचंही तेच.

गंमत म्हणजे ठसा उमटवायला मदत करणारं हेच कॉर्टिसॉल साठवलेलं बाहेर काढताना आडवं येतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये दिवसदिवस बसणाऱ्या एमपीएससीच्या मुलांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. चार वेळा उजळणी केलेलं कलम ऐन पेपरात दगा देतं. मग बाहेर येऊन टपरीवर चहा घेताना, ताण जरा उतरल्यावर, तेच कलम पोटकलमांसकट धडाधड आठवतं.