कुडल संगम : चौथी फेरी, ओढा अजून बाकी

काल रविवारी पुन्हा हत्तरसंग कुडलला जाऊन आलो. नोव्हेंबरपासूनची ही चौथी फेरी. आपल्याकडे झाडीतून सायकल चालवायची आणि शेजारून नदीही वाहायला हवी, तर सीना जिथे भीमेला मिळते त्या काठासारखी दुसरी जागा मला तरी सापडलेली नाही. पलीकडे कर्नाटक, अलीकडे बाभूळ, करंज, कडुनिंब आणि त्यांच्यामधून गुरांनी पाडलेल्या अरुंद वाटा.

सोलापूर शहरापासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. पहिल्या वेळी हौसेने घरापासून सायकलवर गेलो आणि तिथे पोचेपर्यंत मांड्या भरून आल्या. शिवाय विजापूर रोडला ट्रकांची रांग असते. आता मित्राच्या गाडीला सायकली बांधून मंद्रूपपर्यंत जातो आणि तिथून चालवतो. कमीपणा अजिबात वाटत नाही. ताकद वाटेसाठी राखायची आहे.

पहिल्या फेरीत तीन पंक्चर. तिसरं काढताना कळलं की दुसरं आणि तिसरं एकाच काट्याचं होतं. वेड्या बाभळीचा काटा ओढला की मागचा भाग हातात येतो आणि टोक टायरच्या आत तसंच राहतं, बोटाला लागतही नाही. तेव्हापासून खिशात कापसाचा बोळा असतो. टायरच्या आतून तो फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. दुसऱ्या फेरीनंतर ट्यूबलेस करून घेतलं, म्हणजे आत ट्यूब नाही, टायरमध्ये भोक बुजवणारं पातळ सीलंट. आता हवा पुढे २५, मागे २८ पीएसआय. काल चाकात पाच काटे निघाले. प्रत्येक वेळी भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं, सीलंटचे दोन-चार थेंब बाहेर आले आणि गळती थांबली. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, त्यामुळे दर दोन महिन्यांनी थोडं भरतो.

काठाची वाट मात्र मी सायकलवर शिकलो नाही, पायी शिकलो. सप्टेंबर २०२५ च्या पुराने सगळं बदलून टाकलंय. बाभळीच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्याही वर उसाचं पाचट आणि खताची फाटकी पोती अजून लटकलेली आहेत. खाली उभं राहून वर बघितलं की पाणी कुठवर होतं ते कळतं आणि छातीत धस्स होतं. जुनी वाट दोन ठिकाणी कडेसकट गेली. उरलेल्या जागी गाळाचा थर बसलाय: वरून फरशीसारखा तडकलेला, आतून मऊ. पुढचं चाक त्यात बसलं की माणूस हँडलवरून पुढे. शेळ्या राखणाऱ्या एका मामांनी काठी टोचून दाखवली. "वरचं बघू नगंस पोरा, काठी किती जाती ते बघ." वीतभर गेली तर उतरून चालायचं. म्हणून आता आधी तीन किलोमीटर पायी, सायकल नंतर. चालताना दिसतंही जास्त. काल खंड्या पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला आणि आम्ही दोघंही बोलायचे थांबलो.

आता वाटेत आडवा येणारा ओढा. उतार पुरुषभर, तळाला गोटे, मग सरळ अंगावर येणारा चढ आणि मध्येच आडवं करंजाचं मूळ. उतरणं जमलं: पेडल सपाट, कंबर मागे, पुढचा ब्रेक एका बोटाने हलका. चढताना तीन आठवडे पाय त्याच मुळापाशी टेकत होता. मला वाटायचं दम कमी पडतोय. काल मित्र समोर उभा राहिला आणि म्हणाला, "गिअर उशिरा टाकतोयस की बे!" खरंच होतं. चढावर जोर लागलेला असताना चेन सरकत नाही, कडकड करते आणि वेग जातो. मग उतरायच्या आधीच गिअर हलका करून ठेवला. अगदी हलका केला तर तळाच्या गोट्यांत पाय नुसते फिरतात, म्हणून मागच्या सर्वांत मोठ्या चक्रापासून तिसरा. बूड सीटच्या टोकावर, छाती हँडलजवळ. सात प्रयत्न केले. शेवटच्यात मूळ ओलांडलं आणि कडेपासून हातभर अलीकडे थांबलो. एवढा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

दुपारी देवळाच्या आवारात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मऊ भाकरी पिशवीत ओलावते, कडक मात्र दिवसभर टिकते आणि उन्हात चटणीतलं मीठही उपयोगी पडतं. सायकलवाल्यांनो, संगमेश्वराच्या देवळातली तुळई बघितल्याशिवाय परतू नका. शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख तिच्यावर कोरलेला आहे. हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. शेजारी हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. तिथे बूट काढून, सायकल बाहेर ठेवून निवांत अर्धा तास काढा.

पाऊस पडून गेल्यावर तीन दिवस इकडे फिरकू नका. काळी माती टायर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) मध्ये इतकी भरते की चाक फिरत नाही, आणि ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी वाळून तशीच राहते.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला मंद्रूप. मागच्या चाकाची हवा २६ वर आणून बघणार आहे, मुळावरची पकड वाढते का ते कळेल. कुणी येणार असेल तर कापसाचा बोळा आणि तीन लिटर पाणी सोबत घ्या.