जुना गुन्हा, अमेरिकेचा व्हिसा आणि वेव्हर

अमेरिकेच्या व्हिसासाठी ऑनलाइन भरायच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटकेचा प्रश्न येतो. निर्दोष सुटला असाल तरी अटक झाली होती, म्हणून उत्तर ‘होय’च. ‘कशाला सांगायचं?’ हा सल्ला कृपया ऐकू नका. गुन्हा एक वेळ माफ होतो, पण लपवल्याचं सिद्ध झालं तर कायमची अपात्रता येते.

सोलापूरकरांनी आधी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र आणि दोषारोपपत्राच्या सही-शिक्क्याच्या नकला काढाव्यात. खटला बार्शी किंवा पंढरपूरला चालला असेल, तर अर्ज तिथेच. केस नंबर आणि निकालाची तारीख नसेल तर जुनी फाइल सापडायला वेळ लागतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवा.

‘फक्त दंड झाला होता’ यावर विसंबू नका. गुन्ह्यामुळे येणाऱ्या अपात्रतेतून किरकोळ गुन्ह्याची सूट एकाच गुन्ह्याला मिळते. त्यातही कायद्यातली कमाल शिक्षा एक वर्षापर्यंतच हवी आणि झालेली शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. भादंवि (जून २०२४ पर्यंत लागू असलेली भारतीय दंड संहिता) कलम ३७९ च्या चोरीला कमाल तीन वर्षं कैद होती, त्यामुळे पाचशे रुपये दंडावर सुटलेलाही या सवलतीत बसत नाही.

मग वेव्हर, म्हणजे अपात्र असूनही व्हिसा देण्याची खास मुभा. त्यासाठी वेगळा फॉर्म नाही. मुलाखतीत अधिकारी अपात्र ठरवतो, तेव्हाच नम्रपणे विनंती करायची. त्याला पटलं तर तो शिफारस अमेरिकेला पाठवतो. तिथे तीन गोष्टी तोलतात: तुमच्यापासून धोका किती, गुन्हा किती गंभीर, जाण्याचं कारण काय. उत्तराला महिने लागतात, तिकीट आधी काढू नका.