राखाडी अक्षरं

चाळीस वर्षं मी प्रूफं वाचली. इंदूरला जेल रोडच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात आधी खिळे, मग ऑफसेट, मग कॉम्प्युटर, सगळं बघून झालं. लग्नपत्रिकेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला भर मांडवात दिसते आणि मी ती बोलूनही दाखवतो, म्हणून ही मला लग्नांना न्यायला कचरते. अशा माणसाला चौकोनातल्या एका टिचभर ‘टिक’च्या खुणेने ९९ रुपयांना फसवावं, हे काही पचलं नाही.

झालं असं. मिक्सरच्या चटणीच्या भांड्याला चीर गेली. सियागंजात सहज मिळालं असतं, पण गुडघे संपावर, म्हणून मोबाइलवरून मागवलं. किंमत ६४९. पैसे कापल्याचा मेसेज आला ७७७ चा. आकडा देखणा म्हणून तर लक्ष गेलं! बिल उघडलं. ९९ रुपये ‘सुरक्षा योजना’, २९ रुपये कसलीशी फी. चटणीच्या भांड्याला सुरक्षा, ती कुणापासून?

तेच भांडं पुन्हा कार्टमध्ये टाकलं आणि दुसरं प्रूफ वाचावं तसं सावकाश वाचलं. पैसे भरायचं बटण केशरी, ठसठशीत, बरोब्बर अंगठ्याखाली. त्याच्या वर, पांढऱ्यावर फिकट राखाडी, छापली असती तर सहा पॉइंटात बसली असती अशी एक ओळ. शेजारच्या चौकोनात टिक, आधीच केलेली. ती काढायला गेलो तर खालून एक चौकट वर आली. ‘हो, सुरक्षित करा’ हे ठळक, आणि त्याखाली पुन्हा राखाडीत, ‘नको, मी धोका पत्करतो’. घ्या! सत्तरीला आलो, आता चटणीसाठी धोका पत्करायचा.

मुलगी पुण्यात एका कंपनीत कम्प्लायन्सचं, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात ना ते बघायचं, काम करते. तिला फोन केला तर हसली. म्हणाली, “बाबा, या सगळ्याला नावं आहेत. पाठवते, वाचा.” तिने पाठवलं ते मी कोपऱ्यावरून छापून आणलं, पडद्यावर माझं वाचन होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढलेली ‘डार्क पॅटर्न’बद्दलची, म्हणजे पडद्यावर गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं. त्यात १३ प्रकार. न विचारता टोपलीत काहीतरी सरकवणं, शेवटच्या पायरीला किंमत वाढवणं, ‘दोनच खोल्या उरल्या’ अशी खोटी घाई, सुरू करायला सोपी आणि बंद करायला महाकठीण अशी वर्गणी. सरकारी कागद आजवर पुष्कळ वाचले, पण इतकं नेमकं पाहिलेलं लिखाण क्वचित. विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हणणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असं म्हणायला लावणं हे उदाहरण त्यात आहे. ‘नाही’चा पर्याय फिकट रंगात ठेवणं, हेही. तिथे मी पेन्सिलीने समासात खूण केली. माझी राखाडी ओळ कुणीतरी माझ्याआधीच पकडली होती.

टिकच्या खुणेचा नियम तर त्याहून जुना. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात साफ म्हटलंय की गिऱ्हाइकाची संमती त्याने स्वतः दिली तरच धरायची, आधीच टिक करून ठेवलेला चौकोन चालणार नाही.

भांडं आलं आणि मिक्सरवर बसलंच नाही. परत घेत नाहीत म्हणे. मग विक्रेता कोण ते शोधलं. सीतलामाता बाजारात साडी घेतली तर दुकानाची पाटी डोक्यावर असते आणि मालक गादीवर. विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा नंबर दाखवायचा, हे त्याच नियमांत आहे. दाखवला होता. तीन ठिकाणी टिचक्या मारल्यावर, सगळ्यात तळाला, आणि रंग कोणता ते सांगायला नको. पत्ता चक्क इंदूरचा, पोलोग्राउंडकडचा! शेजारच्या मुलाला स्कूटर काढायला लावून गेलो. एक गोदाम, दारात खोके बांधणारा एक पोरगा. त्याने नाव ऐकलं आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे कागदावर छापून चिकटवलेली अकरा नावं, आमचं सातवं. “भिया, यहाँ सब का माल आता है, आदमी कोई नहीं आता.” त्या अकरांत दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण त्याला सांगून काय उपयोग.

घरी येऊन तक्रार लिहिली. ज्या ॲपवरून मागवलं त्या प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. पडद्याचे फोटो जोडले, त्यांवर प्रूफावर करतो तशी लाल वर्तुळं. विक्रेत्याचा खरा पत्ताही लेखी मागितला. विकत घेणाऱ्याने असा मागितला तर तो द्यावा लागतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. मुलगी म्हणाली, नाहीच ऐकलं तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तुम्ही राहता तिथेच, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. त्यावर हिने कपाळाला हात लावला.

एक गोष्ट मात्र खटकली. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने प्लॅटफॉर्मना सांगितलं की तीन महिन्यांत आपापली तपासणी करा आणि असले पॅटर्न काढून टाका. म्हणजे स्वतःच. आमच्या छापखान्यात नवा पोरगा आला की पहिल्याच दिवशी सांगायचे, ज्याने जुळवलं त्याने प्रूफ वाचायचं नाही. त्याला चूक दिसतच नाही. आणि इथे तर चूक मुद्दाम जुळवलेली.

पोच दुसऱ्याच दिवशी आली. आठव्या दिवशी ९९ रुपये परत आले, ‘सद्भावना म्हणून’. तो शब्द मी खोडून ‘नियमाप्रमाणे’ असं लिहून उलट मेल केली, उत्तर नाही. २९ चं अजून काही नाही, आणि भांड्याच्या तक्रारीचा महिना येत्या गुरुवारी भरतोय. तोवर हिने त्यात जिरावन, पोह्यांवर घालायचा आमचा इंदुरी मसाला, भरून ठेवलंय. झाकण मात्र घट्ट बसतं.