गोड्या पाण्यातलं लाल शैवाल खाऱ्या पाण्याला कसं सरावतं

लाल शैवालांच्या सुमारे 7,000 जातींपैकी गोड्या पाण्यातल्या जेमतेम 3 टक्के. त्यातही बॅट्राकोस्पर्मम स्वच्छ, वाहत्या ओढ्यात रमतं, तर कॉम्प्सोपोगॉन मचूळ पाण्यातही तग धरतं. एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत.

क्षारता वाढली की काही मिनिटांतच पेशीतलं पाणी बाहेर जातं, आतला दाब उतरतो. पेशी मग पोटॅशियम, सोडियम, क्लोराइडचे आयन आत घेऊन वेळ मारून नेते. पण आयन फार साठले की विकरं (एन्झाइम) बिघडतात. खरं काम पुढच्या काही तासांत, दिवसांत होतं. प्रकाशसंश्लेषणातून किंवा साठवलेल्या फ्लोरिडियन स्टार्चमधून फ्लोरिडोसाइड तयार होतं आणि ते पाणी पेशीत धरून ठेवतं. गॅलॅक्टोज आणि ग्लिसरॉल जोडून झालेला हा रेणू भरपूर साठला तरी विकरांना बाधत नाही. खाडीतलं कॅलोग्लोसा हे लाल शैवाल मात्र याच कामासाठी मॅनिटॉल या दुसऱ्या रेणूवर भिस्त ठेवतं.

या साठवणीला वेळ लागतो, म्हणून प्रयोगात क्षारता एकदम वाढवू नये. लिटरला 1, 2, 4 ग्रॅम असे टप्पे घ्यावेत, प्रत्येकावर आठवडाभर थांबावं, उजेड मंद ठेवावा. नुसतं मीठ वापरू नये, सागरी क्षारांचं मिश्रण घ्यावं. मिठात कॅल्शियम नसतं. त्यामुळे पेशीपटल गळकं होतं आणि आपण क्षारतेऐवजी सोडियमचं विष मोजत बसतो. बाष्पीभवनानं क्षारता गुपचूप चढते. भांड्यावर खूण करून ऊर्ध्वपातित पाण्यानं पातळी रोज भरावी, वाहकता मोजावी.

ताण पाणी कमी पडल्याचा की सोडियमचा, हे सॉर्बिटॉल या सोडियम नसलेल्या, साखरेसारख्या पदार्थानं कळतं. लिटरला 5.8 ग्रॅम मिठाइतका परासरण दाब साधारण 34 ग्रॅम सॉर्बिटॉल देतं. ही चाचणी काही तासांतच उरकावी, नाहीतर जिवाणू माजतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशीद्रव भित्तिकेपासून सुटलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही, दिवसभरात तो पूर्ववत होऊ शकतो. पाण्याला गुलाबी किंवा निळसर छटा आली तर मात्र पटलं फाटून रंगद्रव्यं बाहेर पडलेली असतात. त्या पेशी गेल्या.

परतीची वाट जास्त धोक्याची. साचलेलं फ्लोरिडोसाइड झटपट मोडता येत नाही. गोड्या पाण्यात एकदम टाकलं तर पाणी आत घुसतं आणि पेशी फुटते. नुकत्याच सुटलेल्या बीजाणूंना तर भित्तिकाही नसते. म्हणून तंतू टवटवीत दिसले एवढ्यावर माझं समाधान होत नाही. त्याच क्षारतेत काचपट्टी ठेवावी, बीजाणू चिकटून रुजतात का ते पाहावं आणि मगच शैवाल सरावलं असं नोंदवावं.