दार बदलायचं होतं, अडवलं फॉर्ममधल्या एका रकान्यानं

आमच्या मुख्य दाराची चौकट वाळवीनं खाल्ली होती. बाहेरून रंग शाबूत, पण खालच्या कोपऱ्यात बोट दाबलं की पापडासारखा चुरा व्हायचा. भिंतीलगत मातीची बारीक नळी वरपर्यंत चढलेली. त्यात पावसाळ्यात दाराचा पल्ला फुगायचा आणि लॅच लागायचा नाही. सासूबाई दिवसभर घरी एकट्या, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. ओळखीतून सुतार मिळाला, दर ठरला. अडलं ते सोसायटीच्या ऑफिसात.

आमची सोसायटी ठाण्यात नौपाड्यातली, जुनी. फ्लॅटमध्ये फेरबदल करायचा तर कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते, हे उपविधींमध्येच आहे आणि ते योग्यच आहे. कोणी उठून कुठलीही भिंत पाडू लागलं तर अख्खी इमारत धोक्यात येईल. तक्रार फॉर्मबद्दल आहे. बाथरूम तोडा, किचनचा ओटा हलवा की नुसतं दार बदला, सगळ्याला एकच छापील फॉर्म. त्यात रकाना होता, ‘तोडावयाच्या भिंती’. मी लिहिलं, ‘एकही नाही’. त्याच्याखाली ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्का’. तो रकाना रिकामा दिसला म्हणून अर्ज परत आला.

मी मॅनेजरना म्हटलं, “अहो, भिंतच तोडायची नाही, तर इंजिनिअर सही कशावर करणार?”

“मॅडम, रकाना भरल्याशिवाय मला कमिटीपुढे ठेवता येत नाही.”

सेक्रेटरी गावाला गेलेले. चेअरमन म्हणाले, सेक्रेटरी आले की बघू. सेक्रेटरी आले तेव्हा महिन्याची मीटिंग होऊन गेली होती, आता पुढच्या महिन्यात. दरम्यान सासूबाई रात्री दाराला आतून लाकडी स्टूल लावून झोपायच्या, आणि मला ऑफिसात बसून सतत दाराचीच काळजी. अर्ज नाकारला असंही कोणी म्हणेना, मंजूर असंही म्हणेना. नुसतं ‘बघू’. या एका शब्दाचा मला आजही राग येतो. घराचं दार नीट लागत नाही ही अडचण ‘बघू’ म्हणण्यासारखी नाही.

मग मी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. दोन कामं वेगळी मांडली: पल्ला बदलणे आणि त्याच जागी, त्याच मापाची चौकट बसवणे. भिंतीतली दाराची मोकळी जागा रुंद करणार नाही, बीम-कॉलमला हात लावणार नाही, हे स्पष्ट लिहिलं. हातानं काढलेलं मापांसह चित्र आणि वाळवीचे फोटो जोडले. शेवटी एक ओळ: ‘परवानगी देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे.’ दोन प्रती नेल्या, एकीवर तारखेसह पोच घेतली. खजिनदारकाका स्वतः बघायला आले, चौकटीत बोट घातलं, हाताला लागलेला भुसा बघितला आणि म्हणाले, “आमचंही तपासायला हवं.” त्यानंतर मात्र परवानगीचं पत्र झटपट आलं. तुम्हाला पोच मिळत नसेल तर अर्ज रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टानं पाठवा, पण तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

प्रत्यक्ष काम सुरळीत झालं. जुनी चौकट काढली की लगेच नवी बसवू देऊ नका. आधी वाळवीवाल्याला बोलवा, भिंतीत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरू दे, नाहीतर नवं लाकडही ती खाणार. आम्ही चौकट सागवानी घेतली. पल्ला वागळे इस्टेटच्या बाजूच्या दुकानातून, भरीव गाभ्याचा फ्लश डोअर (सपाट पल्ला), त्यासाठीच्या आयएस 2202 या भारतीय मानकाचा शिक्का बघून. हलका पल्ला आतून पोकळ असतो, मुख्य दाराला तो नको.

माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यायला सांगा. जुन्या इमारतीत भिंती ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या, नसतात. चौकटीचे होल्डफास्ट (तिला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सिमेंटमध्ये पक्के होईपर्यंत पल्ला टांगायची घाई करू नका. जड पल्ल्याला निदान तीन मजबूत बिजागऱ्या हव्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सुतार हमखास टाळतात: पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही पॉलिश किंवा रंग लागलाच पाहिजे. त्या कडा दिसत नाहीत म्हणून कोऱ्या सोडतात आणि पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. मी टांगण्याआधी पल्ला आडवा ठेवून चारही कडा माझ्यासमोर करून घेतल्या. सुतार कुरकुरला, पण केलं. यंदाच्या पावसात दार एकदाही अडकलं नाही.

सेफ्टी डोअरही लावायचा असेल तर तो पॅसेजमध्ये उघडून शेजाऱ्यांची वाट अडवतो का, हे अर्जातल्या चित्रातच दाखवा. त्यावरून दुसऱ्या मजल्यावर भांडण झालेलं आहे.

राहता राहिली कामासाठी सोसायटीकडे भरलेली अनामत रक्कम. राडारोडा उचलल्यावर परत मिळेल असं पत्रात लिहिलंय, राडारोडा त्याच आठवड्यात उचलला. रक्कम अजून आलेली नाही. अर्ज दिलाय, पोच घेतलीय.