उरुळीचा विसावा

हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. मी तुकोबांच्या मागे निघाले, कारण वॉर्डातली माझी सहकारी दरवर्षी ज्या दिंडीत जाते ती याच सोहळ्यातली. घरी आईला मात्र मी जरा भारदस्त कारण दिलं. म्हटलं, कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून येशूकडे आले असं तूच सांगतेस ना, मग तो पूल मी निदान पाहून तरी येते. आई अर्ध्या तोंडाने हसली. अर्धांगाच्या झटक्यानंतर चार वर्षं ती तशीच हसते. मूळची नगरची, ना. वा. टिळकांची पदं म्हणतच मोठी झालेली. तिच्याजवळ राहायला पाच दिवसांसाठी बहीण आली होती.

चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंना काही हे पटलं नाही. "आपल्याला कशाला ती वारी?" मी म्हटलं, लोकांच्या पायांना मलमपट्टी करायला. ते खोटं नव्हतं. पण चार वर्षांत मी एक रात्र सलग झोपले नव्हते, ड्यूटीवरून घरी आणि घरून ड्यूटीवर एवढंच चालत होते, आणि मला कुठंतरी निघून जायचं होतं, हेही खरं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा उरुळीपर्यंत नाही.

दिंडीच्या जेवणाची भिशी भरली, पिशवी ट्रकमध्ये टाकली आणि औषधांची झोळी खांद्याला अडकवली. पट्ट्या, जंतुनाशक, व्हॅसलीन, निर्जंतुक सुया, जलसंजीवनीची पाकिटं. लोणीच्या मुक्कामी राहुटीपुढे बसले तर बघता बघता पायांची रांग लागली. भेगाळलेल्या टाचा, रबरी चपलेच्या पट्ट्याने सोललेली बोटं, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. एका बाबांनी फोडातून सुईने दोरा ओवून ठेवला होता. पाणी झिरपून जातं म्हणे. पिढ्यान्पिढ्यांचा उपाय आहे, पण त्याच दोऱ्यावरून जंतूही आत उतरतात. दोरा काढला, फोडाच्या कडेला सुई टोचली, पाणी हलकेच दाबून काढलं, वरची कातडी मात्र तशीच राहू दिली. तिच्याइतकी चांगली पट्टी माझ्या झोळीत नव्हती.

काम झालं की माणसं माझ्याच पाया पडायची. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, वय विचारत नाहीत की गाव. मला भयंकर संकोच वाटायचा. बायबलात कर्नेल्य नावाचा माणूस येशूच्या शिष्याच्या, पेत्राच्या पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं होतं, मीही माणूसच आहे म्हणून. तीच गोष्ट डोक्यात ठेवून मी एका आजोबांना उठवायला दोन्ही हात पुढे केले, तर त्यांना वाटलं मी फुगडीला बोलावतेय. घेतल्या मग चार गिरक्या. पेत्राच्या वाट्याला हे आलं नसावं.

रात्री अकरापर्यंत पाय चालू होते. प्रत्येकीला मी बजावत होते, पाणी प्या, मीठ-साखर घालून प्या. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बायका मान हलवायच्या आणि प्यायच्या नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. फिरत्या शौचालयापुढे रांग असते, शेतात आडोसा नसतो, पुरुषांसारखं रस्त्याच्या कडेला उभं राहता येत नाही. मग बाई पाणीच तोडते. मी हे आकडेमोडीसकट समजावून सांगत होते आणि त्या दिवशी स्वतः काय प्यायले होते? दोन कप चहा आणि अर्धा ग्लास पाणी. माझ्या उजव्या टाचेलाही रुपयाएवढा फोड होता. मोजा चढवला की तो दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशीची मजल लांबची, यवतपर्यंत पंचवीसेक किलोमीटर. पाऊस नव्हताच, नुसता दमट उकाडा. टाळांच्या ठेक्यावर पाय आपोआप पडतात हे खरं आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचंही आहे. शरीर काय सांगतंय ते ऐकूच येत नाही. उरुळी कांचनला विसाव्यासाठी दिंडी थांबली. गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचार सुरू केला तेच हे गाव. आणि तिथंच, लिंबाखाली दुसऱ्या कुणाचा तरी पाय हातात धरलेला असताना, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं. परभणीकडच्या एक आजी. आदल्या रात्री मी त्यांच्या टाचेला पट्टी बांधली होती.

"उठू नगं. पी आधी."

माझ्याच झोळीतलं पाकीट त्यांनी माझ्याच बाटलीत कालवलं होतं. मी दोन घोट घेऊन बाटली खाली ठेवली. त्यांनी ती पुन्हा तोंडाला लावली. मग माझा मोजा काढला. फोड फुटून मोज्याला चिकटला होता. आजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"सगळ्या दिंडीला शानपन शिकवतीस आन् ह्ये काय?"

कुणीतरी चुलीवरचं कोमट पाणी परातीत आणलं. आजी माझा पाय त्यात घालू लागल्या तसा मी तो ओढून घेतला. तुम्ही नको, आजी, मी धुते माझा मी. त्यांचं वय सत्तरीपलीकडचं, हातावर उसाच्या पात्याचे जुने वण. मी तीस वर्षांत हजारो अंगं पुसली असतील, बेडपॅन उचलले असतील, त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण कुणीतरी माझा पाय हातात घ्यावा आणि मी नुसतं बसावं, हे मला सोसेना. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने नव्हतं. रागच होता तो बराचसा.

शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्रही असाच अडून बसतो. प्रभू येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो आहे आणि हा म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. वधस्तंभाच्या आदल्या गुरुवारच्या उपासनेत हा उतारा मी दरवर्षी ऐकते. पेत्राचं ते बोलणं मला कायम नम्रपणाचंच वाटत आलं होतं. उरुळीच्या त्या लिंबाखाली पहिल्यांदा त्यातला ताठा दिसला. दुसऱ्याचं करणारी मी, माझं कुणी करायचं नाही. माझं हे वागणं बहिणीलाही ठाऊक आहे. चार वर्षं ती विचारत होती, आठवड्यातून दोन दिवस आईला माझ्याकडे ठेवू का, आणि चार वर्षं मी नको म्हणत होते.

"तुज्या देवानं सांगितलंय का, सोताला तानेनं मार म्हून?" आजींनी विचारलं. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना आदल्या रात्रीच कळलं होतं. गळ्यात माळ नाही म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी "बरं" म्हटलं, विषय संपला होता.

नाही सांगितलेलं. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, एवढंच सांगितलंय. आणि मी शेजाऱ्याला जलसंजीवनी पाजून स्वतः कोरडी बसले होते. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन' हे वचन आमच्या घराच्या भिंतीवर चौकटीत आहे. मी ते नेहमी पेशंटांना वाचून दाखवते. वारीत विसावा हा शब्द भलता रोकडा आहे. झाड, सावली, पाणी, पाय पसरायला जागा आणि घटकाभर झोप. उरुळीला मी दीड तास झोपले. आजींनी कुणालाही मला उठवू दिलं नाही. झोळी उघडून दोन पट्ट्याही त्यांनीच बांधल्या म्हणे, आणि बऱ्या बांधल्या होत्या.

पुढचा रस्ता मी सामानाच्या ट्रकमध्ये बसून काढला. मनात खूप खळखळ केली, पण बसले.

यवतला पिठलं-भाकरी असते. गावातल्या घराघरांतून भाकरी येतात, पिठलं मोठाल्या कढयांत रटरटत असतं आणि पंगत उठली की दुसरी बसते. कोण कुठला हे वाढणारा विचारत नाही. भाकरीच्या पापुद्र्याखाली पिठलं सरकवून खाताना मला एलीया आठवला. राणीच्या भीतीने पळालेला, रानात एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागणारा संदेष्टा. देव त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावत नाही. देवदूत येऊन त्याला हलवतो आणि सांगतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंभ. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवतो आणि पुन्हा खायलाच घालतो, कारण वाट लांबची आहे. चाळीस दिवसांची चाल त्यानंतरची.

मला बारामतीपर्यंत जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच सुजलेली होती. असा पाय एखाद्या पेशंटाने दाखवला असता तर मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक होतं, तेव्हा तेच केलं. चौफुल्यापर्यंत ट्रकने गेले. तिथून दिंडी वरवंडकडे जाते आणि एक फाटा केडगावला. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. रमाबाई स्वतः तीर्थयात्रा करणाऱ्या घरातल्या. लहानपणी आईवडिलांबरोबर देवळांमागून देवळं हिंडल्या, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ते दोघेही गेले. पायांना फोड येणं म्हणजे काय हे त्या बाईला पुरतं माहीत असणार. पुढे दुष्काळातल्या मुली त्यांनी इथे आणल्या तेव्हा आधी त्यांना खायला घातलं असेल. बाकीचं मग.

निरोप घेताना मी आजींच्या पाया पडले. त्याआधीच त्या माझ्या पाया पडून मोकळ्या झाल्या होत्या, त्यामुळे डोक्यावर डोकं आपटलं. त्यांनी माझ्या हातात फडक्याची पुरचुंडी दिली. यवतची भाकरी, आत हिरव्या मिरचीचा ठेचा.

केडगाव स्टेशनवर पुण्याची गाडी यायला वेळ होता. बहिणीला फोन केला. मी लवकर येतेय म्हटल्यावर ती घाबरली, आईसाठी धावत येऊ नकोस म्हणाली. मी म्हटलं, आईसाठी नाही. आणि दर शनिवार-रविवारचं तू विचारत होतीस ना, ते चालेल मला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विचारलं, "बरी आहेस ना तू?"

बाकावर शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती. सवयीने मी भाकरीचे दोन तुकडे करायला घेतले. तेवढ्यात तिने पिशवीतून वडापाव काढला आणि खायला लागली. मी भाकरी तशीच धरली आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत एकटीने खाल्ली. वर बाटलीभर पाणी प्यायले.