‘ती जागा दाखवा’ : वॉशिंग्टनमधील एक दुपार

ऑक्टोबरमधल्या एका स्वच्छ दुपारी मी आणि माझी मुलगी फॉगी बॉटम या मेट्रो स्थानकावर उतरलो आणि चालतच व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाकडे निघालो. स्मारक म्हटले की आपल्याला चौथरा, पुतळा आणि एखादी तोफ अपेक्षित असते. येथे लांबून काहीच दिसत नाही. हिरवळीतून खाली उतरत जाणारी एक वाट आहे आणि तिच्या कडेने काळ्या ग्रॅनाइटची भिंत. प्रारंभी ती घोट्याएवढी असते, मग कमरेएवढी होते, आणि मध्यावर पोहोचेपर्यंत आपण तिच्यापुढे ठेंगणे झालेलो असतो. तिच्यावर 58,000 हून अधिक नावे कोरलेली आहेत. ती हुद्द्यांच्या क्रमाने नाहीत, आडनावांच्या क्रमानेही नाहीत. जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने आहेत. 1,421 आराखड्यांतून हा आराखडा निवडला गेला तेव्हा तो करणारी माया लिन 21 वर्षांची विद्यार्थिनी होती. हा दगड आपल्या बंगळुरूहून गेलेला आहे, हे मुलीने सांगितले तेव्हा मी नकळत त्यावर हात ठेवला. त्याला अशी झिलई आहे की नावे वाचताना त्यांच्यामागे आपलाच चेहरा दिसत राहतो.

पिवळी टोपी घातलेले एक वृद्ध स्वयंसेवक जवळ आले आणि कोणाचे नाव शोधत आहात का, असे त्यांनी विचारले. हवे ते नाव सापडले की त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि तो ठसा घरी न्यायचा, अशी येथील रीत आहे. आमचे येथे कोणी नाही, असे मी सांगितले. ते स्वतः त्या युद्धात लढले होते. युद्ध योग्य होते का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण पाहुण्याने तो त्या भिंतीसमोर विचारणे मला प्रशस्त वाटले नाही.

प्रश्नाला कारण होते. 2 ऑगस्ट 1964 रोजी टोंकिनच्या आखातात एका अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला झाला, आणि 4 ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचे सरकारने जाहीर केले. हा दुसरा हल्ला झालेलाच नव्हता, हे पुढे सरकारी कागदपत्रांतूनच उघड झाले. परंतु 7 ऑगस्टला संसदेने अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची जवळजवळ मोकळीक देणारा ठराव मंजूर केला होता. कनिष्ठ सभागृहात विरोधी मत एकही नव्हते. सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2. ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग हे ते दोघे. 1968 मध्ये दोघांनीही आपापल्या जागा गमावल्या. भिंतीवरील बहुतेक नावे या ठरावानंतरची आहेत, हे कळल्यावर तो 2 चा आकडा डोक्यातून जाईना.

भिंतीचे एक टोक वॉशिंग्टन यांच्या स्तंभाकडे रोखलेले आहे आणि दुसरे लिंकनच्या स्मारकाकडे. आम्ही लिंकनकडे वळलो. पायऱ्या चढताना माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण आत तो 19 फूट उंचीचा पाषाणातला लिंकन समोर आला की तक्रार विसरायला होते. भिंतींवर त्याची दोन भाषणे कोरलेली आहेत. मला आठवत होते तिसरे, जे तेथे नाही.

मेक्सिकोने अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडले, असे सांगून अध्यक्ष पोक यांनी 1846 मध्ये संसदेकडून युद्ध जाहीर करवून घेतले. इलिनॉयहून निवडून आलेल्या अडतीस वर्षांच्या लिंकनने 22 डिसेंबर 1847 रोजी ठराव मांडून अध्यक्षांना विचारले, की रक्त नेमके ज्या जागी सांडले ती जागा दाखवा, आणि ती तेव्हा खरोखर आपली होती का, तेही सांगा. न्युएसेस आणि रिओ ग्रँड या नद्यांमधला तो टापू वादग्रस्त होता, ही त्यातली मेख. जानेवारी 1848 मध्ये त्याने याच विषयावर भाषण केले. मात्र आघाडीवरील सैनिकांच्या रसदीचा प्रश्न आला तेव्हा त्याने रसदीच्या बाजूनेच मत दिले. त्याच्या दृष्टीने सैनिकाला धान्य देणे आणि अध्यक्षाला जाब विचारणे यांत विसंगती नव्हती. विरोधकांना ती दिसली. ‘स्पॉट’ म्हणजे जागा, त्यावरून ‘स्पॉटी लिंकन’ म्हणून त्याची टिंगल झाली.

येथेच थांबलो असतो तर गोष्ट फारच गोड झाली असती. यादवी युद्धाच्या काळात, 1863 मध्ये, युद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून ओहायोच्या क्लेमेंट व्हॅलँडिगम या माजी खासदाराला लष्कराने अटक केली, लष्करी न्यायाधिकरणाने तुरुंगवास ठोठावला, आणि अध्यक्ष लिंकनने त्याला शत्रूच्या प्रदेशात हद्दपार केले. ‘जागा दाखवा’ म्हणणारा आणि हद्दपार करणारा असे दोघेही त्या एकाच खुर्चीत बसलेले आहेत.

उतरताना मला माझ्या मामांची आठवण झाली. ते 1962 च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, लढले. त्या दिवसांत संसदेचे अधिवेशन तातडीने बोलवा, अशी मागणी तरुण अटलबिहारी वाजपेयींनी केली; नेहरूंनी ती मान्य केली आणि 8 नोव्हेंबरला, लढाई चालू असतानाच, सभागृहात टीका ऐकून घेतली. यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही, हे मात्र आपण क्वचितच म्हणतो. मामा दर 26 जानेवारीला पदके लावून शाळेत झेंडावंदनाला जात. आणि घरी आले की आजीला, जणू दोष तिचाच असावा तसे, विचारत, ‘‘बर्फात कापडी बूट देऊन आम्हाला पाठवलं कुणी?’’

शेवटी टायडल बेसिनच्या काठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकाशी आलो. लोक तीस फुटी पुतळ्यासमोर छायाचित्रे काढण्यात गुंतलेले होते. बाजूच्या लांबलचक भिंतीवर त्यांची वचने आहेत, आणि त्यांत 1967 मधले एक असे, की मी व्हिएतनाममधील युद्धाला विरोध करतो, कारण माझे अमेरिकेवर प्रेम आहे. हा विरोध रागाने नव्हे, तर काळजीने आणि दुःखाने करतो आहे. त्या वर्षी हेच बोलल्याबद्दल मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांना झोडपले होते आणि जुने सहकारीही दुरावले होते. दगडावर ते 2011 मध्ये आले.

मुलीने ते वाक्य मोठ्याने वाचले. मग पाण्याकडे पाहत तिने विचारले, ‘‘बाबा, मामाआजोबांच्या त्या बुटांचं पुढे काय झालं?’’

ते आजीने माळ्यावर जपून ठेवले होते. वाडा पाडला तेव्हा सामानाबरोबर कुठे गेले, ते कोणालाच सांगता आले नाही.